कापलेल्या प्रकरणाचं काय करायचं?

प्रश्न विचारणाऱ्या बाई सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात मराठी शिकवतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीवर त्या कादंबरी लिहिताहेत. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं एक मोठं प्रकरण त्यांनी लिहिलं आणि नंतर स्वतःच काढून टाकलं. ‘त्या प्रकरणामुळे कथानकाची गती मंदावत होती, शिवाय आमची संस्था ज्यांची आहे तेच कारखान्याचे चेअरमन आहेत,’ असं त्यांनी लिहिलंय. पुढं म्हणतात, मला कुणी काही बोललेलं नाही, धमकी तर मुळीच नाही, तरी रोज थोडं थोडं कापलं जातंय. हा भित्रेपणा म्हणायचा की शहाणपणा? आणि अशात लिहीत राहायचं कसं?

मी सांगलीत दिवाळी अंक काढतो. त्याआधी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. दुसऱ्याचा मजकूर कापण्यावरच माझं पोट चाललं, तेव्हा ‘काही कापू नका, बिनधास्त लिहा’ असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. असा सल्ला देणारे बहुधा पुण्या-मुंबईत राहतात आणि त्यांच्या पगारपत्रकावर चेअरमनची सही नसते.

बाई, तुम्ही दोन कारणं दिलीत. पहिलं गतीचं, दुसरं संस्थेचं, आणि दुसरं ‘शिवाय’ लावून आलं. माझा अंदाज असा की मनात संस्था आधी आली आणि गती मागाहून सापडली. भीती वाटली यात गैर काही नाही. घरावर कर्ज असतं, मुलं शिकत असतात, आणि संस्थेच्या पार डोंगराकडच्या शाखेत बदली झाली तर दोन एस्ट्या बदलून जावं लागतं, हे सगळं खरंच आहे. माझी तक्रार एवढीच की भीतीचा खर्च तुम्ही कलेच्या खात्यावर टाकलात. एकदा टाकला तर चालून जातं. दहा वर्षं टाकत राहिलात तर कुठलं वाक्य वाईट होतं म्हणून गेलं आणि कुठलं खरं होतं म्हणून गेलं, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही. मग ती लेखिका पुढं सुरक्षित विषयावर लिहायला बसली तरी तिचं वाक्य अंग चोरूनच उमटतं. मी हे अंकासाठी येणाऱ्या हस्तलिखितांत वर्षानुवर्षं बघत आलोय.

हस्तलिखितात हे कळतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण स्वतःचं लिखाण तपासायला ते तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिली खूण कर्त्याची. एरवी सगळी वाक्यं ठणठणीत कर्तरी असतात: रंगानं बैल सोडला, आक्कानं चूल पेटवली. ऐन मोक्याच्या जागी मात्र ‘त्याला मारहाण करण्यात आली’, ‘जमिनी गेल्या’, ‘सभासदांची नावं कमी झाली’. कुणी मारलं, कुणी घेतल्या, कुणी कमी केली? माणूस वाक्यातनं उठून गेलेला असतो. बोलीत रसरशीत लिहिणारा लेखक अचानक तहसील कचेरीच्या मराठीत शिरला की मी पेन्सिलनं समासात खूण करतो.

दुसरी खूण खलनायकाच्या पायरीची. सांगली-सातारा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या कथांत तलाठी लाच घेतो, ग्रामसेवक खोटे दाखले देतो, मुकादम ऊसतोड मजुरांच्या उचलीचा हिशेब बुडवतो, कारखान्याचा चिटबॉय आधी तोडीची चिठ्ठी देण्यासाठी पाकीट घेतो. चेअरमन कुठंय? ते ‘साहेब’ म्हणून कुठंतरी लांब बंगल्यावर असतात, त्यांच्या कानावर काही जात नाही, आणि गेलं तर शेवटी तेच न्याय देतात. राग वरून खाली घरंगळत घरंगळत सगळ्यात स्वस्त माणसावर येऊन थांबतो. तलाठ्यावर लिहायला धाडस लागत नाही, तो तीन वर्षांनी बदलून जाणार असतो.

तिसरी खूण काळाची. काट्यात मारलेलं उसाचं वजन, थकलेली बिलं हे सगळं १९७२ च्या दुष्काळात नेऊन ठेवलेलं असतं. बाहत्तरचा दुष्काळ हा आमच्या भागातला मोठाच अनुभव आहे, त्यावर लिहावंच. पण ज्या लेखकाचा जन्मच पंच्याऐंशीचा आणि ज्याच्या बोलण्यात कालची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान भाव असतो, तो बाहत्तरमध्ये का जाऊन बसलाय हे संपादकाला कळतं. तिथले सगळे चेअरमन एव्हाना फोटोत गेलेले आहेत.

चौथी खूण मला सगळ्यात जास्त खुपते, ती समतोलाची. एक वाईट पुढारी आला की दोन पानांत एक चांगला पुढारी येतो. कथेला त्याची गरज नसते, तो निव्वळ पावती म्हणून आणलेला असतो, उद्या कुणी विचारलंच तर दाखवायला.

या चार खुणा घेऊन तुमचं उरलेलं लिखाण एकदा वाचून काढा. गेलेलं प्रकरण कळीचं आहेच, पण ते काढल्यामुळं उरलेल्या प्रकरणांचं काय झालं हे आधी बघायला हवं. सभा गेली तर निवडणुकीला कारण उरत नाही, मग निवडणूक ‘होते’, पॅनल ‘पडतं’, आणि वाचकाला वाटतं लेखिकेला कारखान्यातलं काही कळत नाही. खरं तर तुम्हाला सगळं कळत असतं.

आता दबाव येतो कुठनं? लेखकांवरचा राजकीय दबाव म्हटलं की लोकांना आणीबाणी आठवते. आणीबाणी या बाबतीत, बोलायला विचित्र वाटेल, पण सोपी होती. २५ जून १९७५ ला ती आली. पाठोपाठ वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. कापणारा अधिकारी होता, त्याला कचेरी होती, हुकमाला तारीख होती. इंडियन एक्स्प्रेसला अग्रलेखाची जागा कोरी सोडता आली आणि त्या कोऱ्या जागेचा अर्थ वाचकाला कळला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या कराडला एक्कावन्नावं साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे केंद्रातले परराष्ट्रमंत्री आणि कराडचे घरचे माणूस. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी त्या मांडवात आणीबाणीविरुद्ध बोलून दाखवलं, तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. हा प्रसंग आपल्याकडं दर संमेलनात अभिमानानं सांगितला जातो. मला त्यात दुर्गाबाईंइतकेच बाकीचे हजारो लोक दिसतात. ते कवी, कथाकार, प्राध्यापक मांडवातनं घरी गेले आणि त्यांनी पुढच्या वर्षभरात काय लिहिलं नाही, याची नोंद कुठंच नाही. न लिहिलेल्याची नोंद राहत नसते.

आज हुकूम यायचं कारणच पडत नाही. २०१९ च्या यवतमाळ संमेलनाच्या उद्घाटनाला इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांचं निमंत्रण मागं घेतलं ते सरकारनं नव्हे, आयोजकांनी, विरोध होईल या धास्तीनं. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून त्याबद्दल नापसंती बोलून दाखवली, पण पाहुणी आली नव्हतीच. २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारनं माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या आत्मकथनाच्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. त्यावर काही साहित्यिकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. त्या वाङ्मय पुरस्कारांना नाव आहे यशवंतराव चव्हाणांचं. पुरस्कार एकाचा गेला, पण पुढच्या वर्षीच्या परीक्षकाला यादी करताना कुठलं पुस्तक बाजूला ठेवायचं ते न सांगता समजलं.

तुमच्या-माझ्या तालुक्यात तर दिल्ली-मुंबईचा संबंधही क्वचित येतो. माझ्या अंकाचा हिशेब सांगतो, म्हणजे कळेल. दिवाळी अंक विक्रीवर चालत नाही, शुभेच्छा जाहिरातींवर चालतो. त्या देणार कोण? साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या, शिक्षण संस्था. वेगवेगळी नावं, वेगवेगळे लोगो, आणि तालुक्यागणिक बघाल तर बहुतेकांमागं एक-दोनच घरं. एका वर्षी आमच्या अंकात थकलेल्या ऊसबिलांवर एक कथा छापली होती. कुणाचा फोन आला नाही, कुणी भेटायला आलं नाही. पुढच्या वर्षी एका ठरलेल्या जाहिरातीची रिलीज ऑर्डर आली नाही, बस्स. विचारलं तर ‘यंदा बजेट कमी आहे’. खरंच कमी असेलही. मजा इथंच आहे, की ते कथेमुळं झालं का हे मला आजवर माहीत नाही. आणि माहीत नसल्यामुळंच ते डोक्यात जास्त घर करून राहिलं. कुणी दम दिला असता तर दम कुठवर आहे हे तरी कळलं असतं. जिथं कुणी काहीच बोलत नाही तिथं माणूस साहेबांच्या मनातलं ओळखायला लागतो आणि साहेबांनी मागितलं असतं त्याच्या चौपट देऊन मोकळा होतो.

म्हणून तुमच्या ‘मला कुणी काही बोललेलं नाही’ या वाक्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

यावर माझा पहिला उपाय रुक्ष आहे: धोका नेमका कुठला ते कागदावर काढा. कायद्याचा, नोकरीचा, झुंडीचा की घरच्यांचा? या चौघांची गल्लत झाली की भीती आकाराला मोठी होते. एकेक वेगळं केलं की त्यातलं बरंचसं गळून पडतं आणि उरतं त्यावर काहीतरी करता येतं.

कायद्याचं आधी. तुमच्या कादंबरीला लागू पडेल ती बदनामी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, पूर्वी दंड संहितेचं ४९९-५००. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस स्टेशनला जाऊन कुणी तुमच्यावर थेट बदनामीचा गुन्हा नोंदवून अटक करवू शकत नाही. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यापुढं फिर्याद द्यावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष. फौजदारीत खरं असणं एवढा एकच बचाव पुरत नाही, खरं असून लोकहिताचं असावं लागतं. ‘सर्व पात्रं काल्पनिक आहेत, साधर्म्य आढळल्यास योगायोग’ ही ओळ सगळे छापतात, तिचा ताईत म्हणून उपयोग नाही. चार लोकांनी वाचून ‘हे तर अमके’ म्हटलं की ओळ वाया गेली. आणि मेलेल्या माणसावर लिहिताना आपण मोकळे आहोत असं समजू नका. संस्थापकांच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलं असं दिसलं तर तीही याच कलमात बदनामी ठरू शकते.

बदनामीच्या बाबतीत आपल्या भागाचा जुना धडा आहे. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. १८८२ मध्ये ते आणि टिळक कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आपण ती गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण खटला हरला तो ज्या पत्रांवर भिस्त ठेवून दिवाणावर लिहिलं होतं ती पत्रं बनावट निघाली म्हणून. कागद तपासून घेणं याला सेल्फ-सेन्सॉरशिप म्हणत नाहीत. तुमच्या सभेच्या प्रकरणात बिलं थकल्याचा उल्लेख असेल तर ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिराला १५ टक्के व्याज आहे, आणि साखर आयुक्तांचे वसुलीचे म्हणजे आरआरसीचे आदेश ही जाहीर माहिती असते. त्याच्या जोरावर लिहिलेलं पान आणि पारावर ऐकलेल्या गप्पेवर लिहिलेलं पान, दोन्ही कादंबरीत सारखीच दिसतील, कोर्टात दिसणार नाहीत.

धर्म, जात, महापुरुष यांवरचं लिखाण ही वेगळी गोष्ट. तिथली कलमं, म्हणजे १९६ आणि २९९, दखलपात्र आहेत. पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि बहुतेक वेळा गुन्ह्याआधी जमाव येतो. तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नामक्कलला प्रशासनानं बोलावलेल्या ‘शांतता बैठकी’त त्यांच्याकडून माफी लिहून घेतली गेली आणि २०१५ च्या जानेवारीत त्यांनी आपल्यातला लेखक मेल्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग बैठकीचा आहे. कुणीही ‘साहेबांनी चहाला बोलावलंय, मिटवून टाकू’ म्हटलं तर एकट्यानं जाऊ नका, आणि तिथल्या तिथं कुठल्याही कागदावर सही करू नका. पोलीस स्टेशनातून नोटीस आली, लोक जिला अजून ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात आणि आता जी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ खाली येते, तर तो खटला नव्हे. ती घ्यायची, प्रत ठेवायची, वकिलामार्फत लेखी उत्तर द्यायचं. एवढ्या नोटिशीवर पुस्तक मागं घेतलेले लोक मी पाहिलेत.

साताऱ्याचं नाव काढलं की दाभोलकरांना टाळून पुढं जाता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ते कार्यकर्ते होते तसे ‘साधना’चे संपादकही होते. दीड वर्षात कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडला कन्नड अभ्यासक कलबुर्गी. सांगलीहून ही दोन्ही गावं फार लांब नाहीत. त्यानंतर ज्याला भीती वाटली त्याला मी भित्रा म्हणणार नाही. एक मात्र सांगतो. दाभोलकरांवरच्या कविता आमच्याकडं ढिगानं आल्या, अजून येतात. गावात सध्या ज्याचा दरबार भरतो अशा बुवावरची कथा मात्र जवळजवळ येतच नाही. श्रद्धांजली वाहणं सुरक्षित आहे हे आमच्या लेखकांनी फार लवकर ओळखलं.

आता नोकरी, कारण तुमचा खरा पेच तो आहे. अनुदानित खासगी शाळेत असाल तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली, ज्याला सगळे एमईपीएस म्हणतात, तुम्हाला लागू आहे. बडतर्फ करायचं तर चौकशी समिती नेमावी लागते. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती झाली तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं. कादंबरी लिहिली म्हणून काढून टाकणं संस्थेला सोपं नाही आणि हे त्यांच्या वकिलालाही माहीत असतं. पण संस्था काढून टाकतेच कशाला? बदली होते, निवडश्रेणीचा प्रस्ताव टेबलावर पडून राहतो, वेळापत्रकात सगळे शेवटचे तास तुम्हाला येतात, स्नेहसंमेलनाच्या समितीतनं नाव गळतं. यावर न्यायाधिकरण नाही. तेव्हा प्रश्न ‘नोकरी जाईल का’ असा धरू नका, तो धरलात तर उत्तर ‘नाही’ येईल आणि तरी भीती जाणार नाही. ‘त्रास किती आणि किती वर्षं सोसायची तयारी आहे’ असा धरा. त्याचं उत्तर घरात बसून, नवऱ्याशी, सासू-सासऱ्यांशी बोलून काढायचं आहे. तिथं मी कोण?

टोपणनावाचा विचार करत असाल तर सोडून द्या. पुण्यात ते टिकतं. तालुक्यात चौथ्या पानावर ‘ही बोली कुठल्या गावची’ हे कळतं आणि आठवड्यात तुमचं नाव. उलट टोपणनावामुळं ‘लपून वार केला’ एवढं जास्तीचं बोलायला त्यांना मिळतं.

आडवळणानं लिहिण्याचं काय? हा मार्ग सांगलीकरांनी हिणवू नये. कीचकवध लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव कुठंच येत नाही, तरी थिएटरमधल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे तोच हे दिसत होतं. सरकारला समजायला थोडा वेळ लागला, १९१० मध्ये बंदी आली. आडवळण कधी उपयोगाचं आणि कधी पळवाट, याची कसोटी यातच आहे: प्रेक्षकाला सरकारच्या आधी कळलं पाहिजे. माझ्याकडं जंगलातल्या वाघ-कोल्ह्यांच्या रूपककथा येतात आणि पाठोपाठ लेखकाचा फोन येतो, ‘सर, तो लांडगा म्हणजे कोण, लक्षात आलं ना?’ नाही आलं. फोन करून सांगावं लागत असेल तर ते रूपक सरकारपासून लपलं आणि वाचकापासूनही लपलं. दुसरीकडं वाटेगावचे अण्णाभाऊ. तमाशावर सरकारी बंदी आल्यावर त्यांनी त्याला लोकनाट्य म्हणून उभं केलं. नाव बदललं, साच्यातलं थोडं बदललं, आतला राग होता तसाच. बदलायचं तर असं, वरचं.

आता तुमच्या प्रकरणाकडं येतो. तुम्ही ते थोडक्यात सांगितलंय त्यावरून बोलतो. सभेत अहवाल वाचायच्या आधीच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा घोष होतो, एक म्हातारा सभासद काट्याबद्दल विचारायला उठतो आणि त्याच्या हातातला माइक बंद पडतो. चेअरमन हसून म्हणतात, ‘आप्पा, जेवून जावा.’ हे प्रकरण आहे? आणि हे गतीसाठी काढलंत? अहो, कादंबरी इथंच तर आहे.

तुम्ही पुढं लिहिलंय की चेअरमनच्या वर्णनात त्यांच्या वडिलांचा चौकातला पुतळा, पांढऱ्या गाडीचा नंबर, भाषणातली त्यांची एक लकब आणि त्यांच्या मुलीचा मोडलेला संसार आलाय. धोका या चार गोष्टींत आहे, सभेत नाही. सभा तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याची आहे, ‘मंजूर’ म्हणणाऱ्या रांगा सगळीकडं असतात. गाडीचा नंबर आणि लकब यांनी कादंबरीला काही मिळत नाही, ते आपल्या गावच्या वाचकाला मारलेले डोळे आहेत. काढा. पुतळा ठेवायचा असेल तर तो वडिलांचा नसावा, आणि चौकात नसावा. मुलीचा संसार कुठल्याही परिस्थितीत काढा, चेअरमन तुमच्या संस्थेचे नसते तरी मी हेच सांगितलं असतं. तिनं काट्यात ऊस मारलेला नाही. ताकदवान माणसावर लिहिण्याच्या नादात त्याच्या घरातल्या दुबळ्या माणसाला फरपटत आणणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. तिथं कापलंत तर ती सभ्यता झाली, त्याची बोच लावून घेऊ नका.

आणि मग चेअरमन नव्यानं घडवा. हे ‘ओळखू येऊ नये म्हणून’ करायचं काम समजू नका. खऱ्या माणसाच्या लकबी उचलल्या की लेखक आळशी होतो, त्याला त्या माणसाच्या आत शिरावं लागत नाही. ‘जेवून जावा’ म्हणणारा माणूस खरोखर प्रेमळ असेल का? मला वाटतं असावा. म्हातारा खरंच जेवून जाईल का? जाईल, आणि जिलेबीही घेईल. कारखान्यानं या भागाला रस्ते दिले, शाळा दिल्या, तुम्हाला नोकरी दिली, आणि तोच कारखाना माइक बंद करतो. हे दोन्ही एका माणसात दाखवता आलं तर तुम्हाला पावतीचा चांगला पुढारी लागणार नाही.

काम करायची माझी एक पद्धत आहे, पटली तर घ्या. आधी सगळं लिहायचं, कुणी वाचणार नाही असं धरून. लिहिताना कापायचं नाही. मग एक वेगळी वही करायची, कापलेल्याची. जे जाईल ते त्यात उतरवायचं आणि शेजारी एका शब्दात कारण: कला, कायदा, नोकरी, घर. खोटं लिहायचं नाही, वही आपलीच असते. महिन्याभरानं ती चाळली की दिसतं, ‘कला’ लिहिलेल्यांतलं अर्धंअधिक खोटं आहे. ‘कायदा’ लिहिलेलं वकिलाला दाखवायचं, तो त्यातलं बरंच परत करेल. ‘घर’ लिहिलेल्याला हात लावायची घाई करायची नाही. ‘नोकरी’ लिहिलेलं ठेवून द्यायचं. छापायला उशीर करणं हे न लिहिण्यापेक्षा फार वेगळं आहे. निवृत्तीनंतर छापलेल्या कादंबऱ्या काही कमी कसाच्या नसतात. पण ती लिहिलेली हवी, आत्ता, सभेतल्या बुंदीचा वास नाकात आहे तोवर. वीस वर्षांनी तुम्हाला फक्त विधानं आठवतील.

वाचायला देताना तालुक्याबाहेरचा माणूस बघा. जवळचे लोक तुमच्या प्रेमापोटी तुमच्याहून जास्त कापतात. माझ्याकडं येणारी निम्मी हस्तलिखितं नवऱ्यानं, मित्रानं, मुख्याध्यापकांनी आधीच स्वच्छ धुऊन दिलेली असतात.

प्रकाशकाशी करार करताना एक कलम शोधा. बहुतेक मराठी करारांत एक ओळ असते की मजकुरामुळं उद्भवणाऱ्या कायदेशीर बाबींची जबाबदारी लेखकाची. ती ओळ असली म्हणजे प्रकाशक पळपुटा असं नव्हे, पण खटला झाला तर तो तुमच्या बरोबर उभा राहणार का आणि वकिलाची फी कोण देणार, हे आधी तोंडी आणि मग लेखी विचारून घ्या. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या गांधीजींवरच्या कवितेचा खटला बघा. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात ती छापली गेली, अश्लीलतेचा आरोप झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये न्यायालयानं आधीच माफी मागून मोकळ्या झालेल्या प्रकाशकाला वगळलं आणि कवीवरचा आरोप तसाच ठेवला. छापणारा सुटतो, लिहिणारा अडकतो, हे गृहीत धरून करार वाचायचा.

सभेचं प्रकरण मला पाठवा. त्या चार गोष्टी काढून नको, आहे तसंच, छापील प्रत, ई-मेल नको. संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं असेल तर तिथून आधी काढून घ्या. पेन्सिलनं खुणा करून परत देईन. अंकात ते छापीन का? यंदा नाही. यंदाच्या अंकात तुमच्या चेअरमनच्या पतसंस्थेची पूर्ण पान जाहिरात आहे, आणि ती परत करायची माझी ऐपत नाही. हे तुम्हाला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. कोल्हापूर आणि नाशिकच्या दोन संपादकांशी तुमची गाठ घालून देतो. त्यांच्याकडं आपल्या तालुक्यातली जाहिरात जात नाही.